चिंच रुसली

नवरदेवाला हळद लावायची तर कुठवर, इथंच पहिली अडचण आली.

जमुना वाटी घेऊन आंब्याच्या बुंध्याशी उभी होती. ऊन कोवळं होतं, पण मे महिन्यातलं कोवळं ऊनही वऱ्हाडात चटका देऊनच बोलतं. तिनं टाचा उंचावल्या, हात लांबवला आणि पहिल्या फांदीच्या खाली पिवळा पट्टा ओढला.

“हात पुरते तठवर लाव वं,” पार्बताबाई बाजेवरून म्हणाल्या. “वरची त्याची थो लावून घेईन.”

“आत्याबाई, झाड हाय.”

“आज नवरदेव हाय. नवरदेवाले झाड म्हनू नोको, चांगलं नाई दिसत.”

पार्बताबाई म्हणजे जमुनाचा नवरा नत्थुजी आणि धाकटा दीर भगवंतराव या दोघा भावांची सख्खी आत्या. वाटणीनंतर दोन्ही घरी सारख्याच हक्कानं जेवणारं हे एकच माणूस उरलं होतं. आजही त्यांनी आपली बाज बरोबर धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, टाकायला लावली होती. दोन पाय थोरल्याच्या शेतात, दोन पाय धाकट्याच्या. चहा ज्या बाजूनं आधी येई, त्या बाजूला तोंड करून त्या बसत. सकाळपासून त्यांनी तीनदा पक्ष बदलला होता.

या आंब्याची कोय जमुनानं वलगावहून पदराच्या गाठीत आणली होती. नवी नवरी होती तेव्हा. माहेरच्या आमराईतला तो आंबा असा गोड, की खाऊन हात धुतले तरी माश्या दिवसभर पाठ सोडत नसत. कोय रुजली, झाड वाढलं, मोहरलं. सासरे किसनराव तेव्हा होते. पहिल्या मोहराकडे बघून ते म्हणाले, याचं लग्न लावू, मग खाऊ. लग्नाशिवायच्या आंब्याचं फळ लावणाऱ्या घरानं तोंडात घालायचं नाही, ही या घरची जुनी रीत. सोयरीकही त्यांनीच ठरवली. वीस-पंचवीस पावलं पलीकडं चिंच होती, लेकुरवाळ्या बाईसारखी डेरेदार. तीच सून.

पण त्या उन्हाळ्यात किसनराव गेले, पुढच्या उन्हाळ्यात वाटणी झाली आणि धुरा नेमका दोन झाडांच्या मधून गेला. आंबा नत्थुजींकडं, चिंच भगवंतरावांकडं. भाऊ एकमेकांशी बोलेनात, मग झाडांचं कोण बोलणार! आंबा तसाच राहिला, ब्रह्मचारी. दरसाल लदबदून येई आणि जमुना टोपल्या भरभरून गावात वाटून टाकी. सगळ्यात मोठी टोपली नाल्यापलीकडच्या अब्दुल गफ्फारांकडे जाई. दुसऱ्या दिवशी गफ्फारभाई रिकामी टोपली परत करीत आणि छातीवर हात ठेवून म्हणत, “भाभी, कसम से, शक्कर! निरी शक्कर!”

त्या एका शब्दावर जमुनानं इतकी वर्षं काढली होती. स्वतःच्या हातच्या झाडाची चव तिला गफ्फारभाईंच्या तोंडून ठाऊक होती.

आणि आता शेतावरून विजेच्या मोठ्या तारा येणार होत्या.

तेल्हाऱ्याकडून मोठे मनोरे एकामागं एक उभे राहत आले होते. हात पसरून उभे, जसे अंगणात आलेले पाहुणे, ज्यांना कुणी या म्हणत नाही. दोन आठवड्यांमागं मोजणीवाले आले आणि आंब्याच्या ईशान्येला लाल-पांढरी खुंटी ठोकून गेले. इथं मनोरा. तारेखाली उंच काही राहायचं नाही, म्हणून आंबा जाणार, चिंचही जाणार. गावानं अर्ज केला होता, अकोल्याला सुनावणी लागली होती, पण ती पुढच्या महिन्यात. तोवर खड्डा खणून झाला की सुनावणीला सांगायला काय उरणार? आणि एकदा का काळी माती भिजली, की चार महिने मशीनच काय, बैलसुद्धा आत शिरत नाही. म्हणजे काय ते एवढे दिवस थांबवायचं होतं.

पोलीस ठाण्यात गेले तर ठाणेदार म्हणाले, जमाव जमवायला परवानगी नाही. परत येताना जमुनाचा मुलगा कुलदीप चिडून बोलला होता, “लग्नाले कोन परवानगी मांगते? तठी पाचशे लोकं जमले तरी कोनी इचारत नाई.” तो आपला रागात बोलला. पार्बताबाईंनी ते उचललं.

“मंग लगनच लावा ना,” त्या म्हणाल्या होत्या. “पोरगं घोड्यासारखं झालं. अजून किती दिवस बसवान?”

मुहूर्तमेढ आदल्या दिवशीच रोवली. पार्बताबाईंनी झाडाभोवती चक्कर मारून ईशान्य कोपरा धरला आणि पायानं खूण केली. तिथं खुंटी होती. “थे उपटा,” त्या म्हणाल्या. खुंटी उपटली, तिच्याच भोकात उंबराची फांदी बसली. उपटलेली खुंटी टाकून कशी द्यायची? लाल-पांढरी, दिसायला छान. पार्बताबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, सुपात तांदळाच्या राशीवर उभी केली आणि देवक म्हणून पुजून टाकली.

“आता हिले देवक उठेस्तोवर कोनी हात लावाचा नाई,” त्यांनी सांगितलं.

इथवर सगळं डोकं ठिकाणावर ठेवून चाललं होतं. बिघडलं ते नवऱ्याकडचे आणि नवरीकडचे अशी दोन नावं पडल्यावर.

भगवंतराव सकाळी आले तेच मुळी डोक्याला फेटा बांधून, आणि मांडवात न येता धुऱ्यापलीकडं उभे राहिले. भाऊ म्हणून आले असते तर कदाचित सरळ आले असते. पण ते आता नवरीचे बाप होते.

“वरात कवा येते?” त्यांनी कुलदीपला विचारलं. थोरल्या भावाकडं बघितलंसुद्धा नाही.

“कोनती वरात, काका?”

“नवरदेव नवरीच्या दारी येते का नवरी नवरदेवाच्या? आमी का पोरगी टोपल्यात घालून आनून द्याची?”

नत्थुजींनी धोतराचा सोगा झटकला. “कुलदीप, तुह्या काकाले सांग, नवरदेवाले मुळ्या हायेत.”

“बाबा, काका म्हनते थे रीतीनं बरोबरच हाय.”

“तू कोनाकडून हायेस बे?”

“मी बारक्यापासून काकाच्या खांद्यावर खेळलो, मले खोटं बोलता येत नाई,” कुलदीप म्हणाला आणि चार पावलं धुऱ्याकडं सरकला.

“मांडव खुंटीच्या जागी पायजे म्हनून अठी टाकला,” नत्थुजी ओरडले. “तुह्या चिंचेखाली टाकला अन् तारवाल्या साहेबानं अठी खड्डा खनला, मंग?”

“म्हंजे तुमचा आंबा वाचवाले आमची इज्जत जाऊ द्याची?”

जमुना हळदीचे हात तसेच धरून बघत राहिली. तिला वाटलं, ही माणसं तारा विसरली. खरंच विसरली होती. शेवटी पार्बताबाईंनी तोड काढली: अंतरपाट धुऱ्यावर धरायचा, कुणी कुणाच्या दारी जायचं नाही, आणि आंब्यापासून चिंचेपर्यंत सुताचा धागा बांधायचा. त्या धाग्यावरून नवरानवरी एकमेकांकडे जातील. धागा त्यांनी स्वतः काढला होता, याच शेतातल्या कापसाचा. दोन्ही भावांनी आत्याच्या हातातल्या त्या पांढऱ्या गुंडीकडं बघितलं आणि नाइलाजानं मान डोलावली.

आणि मग साडी निघाली.

नवरीला वरपक्षाकडून साडी असते. जमुनानं मोठ्या हौसेनं पिशवीतून ती काढली. मोरपंखी रंग, काठाला कोयऱ्या. जाऊ बेबीताई चिंचेला गुंडाळायला पुढं झाली, तिनं घडी उलगडली, काठावर बोट फिरवलं आणि तिचं बोट थांबलं.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “हे कोनती साडी व्हय?”

जमुनानं रिकाम्या पिशवीत उगाच पुन्हा हात घातला.

“हे तं मी देल्ली होती तुमाले. आपल्या नणदेच्या, सुमनच्या लग्नात.” बेबीताईनं साडी उजेडात धरली. “घडी बी मोडली नाई! फॉल बी नाई लावला! अन् आता आमच्या चिंचेले?”

“बेबी, आइक तं…”

“काय आइकू? इतके वर्स पेटीत ठिवून माहीच साडी माह्या तोंडावर! चिंच काय बोलत नाई म्हनून कोनाच्याबी उतरनीवर धाडान का तिले?” बेबीताईचा आवाज चढला. “नाई करत आमी हे लगन! अन् तुमच्या त्या खट्ट्या आंब्याले आमच्यासारखी…”

ती मध्येच थांबली. तोंडावर पदर दाबला.

“खट्टा?” जमुना म्हणाली. “तुले कोनं सांगतलं खट्टा?”

 गफ्फारभाई शरबताची बादली ढवळत होते, ते अचानक फार मन लावून ढवळू लागले.

“थे आपलं तोंडातून निघालं,” बेबीताई पुटपुटली आणि वळली. तिच्यामागं भगवंतराव, त्यांच्यामागं नवरीकडचे म्हणून सकाळी वाटून घेतलेलं अर्धं गाव. पार्बताबाईंनी बाजेवरच दिशा बदलून चिंचेकडं तोंड केलं. रुसवा नवरीच्या बाजूचा होता, रुसव्याच्या बाजूला बसणं त्यांना नेहमीच आवडे.

मांडव असा अर्धा रिकामा झाला आणि त्याच वेळी नाल्याच्या वळणावर धूळ उठली. पिवळं मशीन येत होतं.

*

पुढं जीप, मागं मशीन. जीपमधून इंगवले साहेब उतरले. साताऱ्याकडचा माणूस, वयानं चाळिशीतला, डोक्यावर पांढरं हेल्मेट. उन्हानं पार भाजून निघालेला. मशीन चालवणारा देवमन जवळच्याच गावचा, अंगानं काटकुळा, नुकतंच मिसरूड फुटलेला.

“हे काय चाललंय?” साहेबांनी विचारलं.

“लगन हाय साहेब,” कुलदीप म्हणाला.

“कुणाचं?”

कुलदीपनं आंब्याकडं बोट केलं. हळदीचा पट्टा, पानांच्या मुंडावळ्या, बुंध्याला नवा टॉवेल. साहेबांनी बराच वेळ बघितलं.

“आणि मुलगी?”

“थे…” कुलदीपनं मान खाजवली. “थे रुसली.”

“म्हणजे लग्न नाहीच. मोडलं.” साहेब कोरडे हसले. “खुंटी कुठंय माझी?”

कुणीतरी सूप दाखवलं. हळदकुंकवात माखलेली खुंटी तांदळावर ऐटीत उभी होती, गळ्यात झेंडूची माळ. साहेबांनी हात पुढं केला, तसा धुऱ्यावरून खणखणीत आवाज आला, “हात लावशीन तं हात झडन!” साहेबांनी हात मागं घेतला, पण वळून देवमनला म्हणाले, “खुंटी नसली तरी जागा माहितीये. तो खांब उभा आहे तिथंच. मांडवात माणसं तरी कुठायत? घे मशीन.”

मशीन घुरघुरलं. नत्थुजी हातात अक्षतांचं ताट धरून मुहूर्तमेढीपुढं उभे राहिले. त्यांचं धोतर वाऱ्यानं फडफडत होतं. ताटातली पिवळी ज्वारी थरथरत होती, आणि जमुनाला पहिल्यांदा दिसलं, की हा माणूस म्हातारा झालाय.

गफ्फारभाई बादली घेऊन धावले. “साहेब, पहले शरबत! इतनी धूप में आये, बिना पानी के काम करोगे तो हमारे गाव की बदनामी. बसा, बसा जी.” त्यांनी खुर्ची पुढं केली, खांदा दाबून साहेबांना बसवलंच, आणि साहेबांच्या डोक्यावरून जमुनाला डोळ्यांनी खूण केली: जा. चिंचेकडं जा.

जमुना साडी उचलून धावली. वीस-पंचवीस पावलांचं अंतर, पण चपला नांगरलेल्या मातीत रुतत होत्या.

बेबीताई चिंचेच्या सावलीत, बुंध्याकडं तोंड करून बसली होती. मागं भगवंतराव फेटा सोडून वारा घेत होते.

“बेबी, मशीन आलं.”

बेबीताईनं मान वळवली नाही. “चिंचबाई,” ती झाडाला म्हणाली, “काही लोक आले वाटते. त्याइले सांग, मी बोलत नाई.”

जमुनाला हसू आलं, रडूही आलं.  ती चिंचेच्या दुसऱ्या बाजूला टेकली.

“चिंचबाई, तुह्या मायले सांग, वेळ नाई.”

“चिंचबाई, इचार तिले, साडी कायले नाई नेसली.”

“चिंचबाई,” जमुना म्हणाली आणि तिचा आवाज खाली आला, “ही साडी तुह्या मायनं देल्ली, त्याच्या दुसऱ्या दिशी दोघा भावाचं भांडन झालं. मंग नेसून कोनापुढं मिरवाची होती? जिनं देल्ली तीच बघाले नोहती. मंग मी ठिवून देल्ली. पाह्यटे पेटी उघडली, नवरीसाठी काय द्याव मनून. दोन सुनाइच्या, लेकीच्या, माहेरच्या, साऱ्या साड्या काढून पाह्यल्या. याच्याहून चांगली एकबी नाई निघाली.”

चिंचेनं काही पानं गाळली. बारीक, पिवळी, दोघींच्याही डोक्यावर.

बुंध्यापलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“चिंचबाई,” बेबीताई शेवटी म्हणाली, “तिले म्हन, हे आधी सांगतलं असतं तं?”

“तू बोलू कुठी देल्लं वं!”

बेबीताई उठली. जमुनाच्या हातातून साडी हिसकावून घेतली, तीन झटक्यांत चिंचेला गुंडाळली आणि पदराचं टोक एका फांदीत असं खोचलं, की झाडानं डोक्यावरून पदर घेतल्यासारखा दिसला. मग ती नवऱ्यावर ओरडली, “फेटा बांधा! पोरीचं लगन हाय अन् वारा कायचा घेता!”

पार्बताबाईंनी धुऱ्यावरून सुताची गुंडी फेकली. एक टोक चिंचेला बांधलं आणि दोघी जावा गुंडी उलगडत आंब्याकडं निघाल्या. पहिल्या पावलावर एकीनं म्हटलं, दुसऱ्या पावलावर दुसरीनं उचललं. दोघींनाही ते कुणी शिकवलं नव्हतं, तोंडाला आपोआप लागलं:

आंब्याच्या दारी गं, पिवळी झाली माती
चिंचेच्या पानाइनं, भरल्या तिच्या वाटी

सुताची केली वाट, वाटेले नाई धूळ
नवरी चालत येते, सोडून आपलं मूळ

चिंचबाई सासरी जाय, मांगं नोको पाहू
मधात एक धुरा, दोन्हीकडं जाऊ

मागून नवरीकडचं सगळं गाव आलं. धागा धुऱ्यावरून गेला, मशीनच्या तोंडापुढून गेला आणि आंब्याला बांधला गेला. उन्हात तो दिसेना. वाऱ्यानं हलला, की मधूनच चमके, एवढाच.

“देवमन, पुढं घे,” साहेब म्हणाले. हातात दुसऱ्यांदा भरलेला शरबताचा ग्लास होता.

मशीनचा हात वर होता. देवमननं काचेतून खाली वाकून बघितलं. “साहेब, मधात धागा हाय.”

“मग?”

“लग्नाचा धागा हाय साहेब. मी नाई तोडत. माहं अजून व्हायचं हाय.”

“अरे, सुताचा धागा आहे तो!”

“म्हनून तं. लोखंडाचा राह्यला असता तं तोडला असता.” आणि देवमननं मशीन बंद केलं. घुरघुर थांबली तशी पाखरं ऐकू येऊ लागली, इतका वेळ ती कुठं होती कोण जाणे.

पार्बताबाई बाजेवरून उतरल्या. काठी टेकीत साहेबांपुढं येऊन उभ्या राहिल्या. त्यांना खालपासून वरपर्यंत निरखलं.

“तुही माय कुठची रे?”

“माझी? वाईची. का?”

“घरी बहीण हाय?”

“आहे. एक.”

“मंग झालं. आमच्या जमुनाच्या भावाले वलगावहून यायले जमलं नाई, त्याचे गुडघे दुखते. नवरदेवाच्या मांगं मामा पायजे. मामाबिगर अंतरपाट धरता येत नाई.” त्यांनी मागं बघितलं. “कुलदीप, टोपीले हळद लाव त्याइच्या.”

“अहो आजी, मी कंपनीचा…”

“हो ना, मोठ्या घरचा मामा भेटला.”

साहेब काही बोलायच्या आत हेल्मेटला हळद लागली, खांद्यावर उपरणं पडलं, हातात लिंबू आलं. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. साहेबांनी एकदा मशीनकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं. मग, भर उन्हात उभं राहिलेला माणूस सावली मिळते तिकडं जातो तसे ते आंब्याच्या बुंध्याशी जाऊन उभे राहिले. लिंबू सरळ धरलं. बहिणीच्या लग्नात बहुधा तसंच धरलं असावं.

धुऱ्यावर अंतरपाट धरला गेला. एक टोक नत्थुजींच्या हातात, दुसरं भगवंतरावांच्या. धुऱ्याच्या दोन बाजूंना दोघे भाऊ, मध्ये एक पांढरं कापड. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून असेल, नत्थुजी म्हणाले, “भगवंता, जरा वर धर. तुह्या बाजूनं लोंबून राह्यलं.”

“धरतो, दादा.”

दादा. जमुनानं बेबीताईकडं बघितलं, बेबीताईनं जमुनाकडं. दोघींनी काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

ज्वारीच्या अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली आला आणि गफ्फारभाईंनी सगळ्यांच्या आधी टाळ्या पिटल्या. आंबा आणि चिंच लग्नाचे झाले.

मग कुलदीप वर चढला आणि पाडाला आलेला पहिला आंबा आईच्या हातावर ठेवला.

जमुनानं तो पदराला पुसला. केशरी झाक, देठाशी चीक, नाकाशी नेला तर वलगावचा वास. खराच तोच वास. तिनं डोळे मिटले, देठ तोडला, चीक पिळून टाकला आणि चोखला.

तिच्या कानशिलापासून टाचेपर्यंत एक झिणझिणी गेली. एक डोळा आपोआप मिटला. दात एकमेकांना धरून राहिले. एवढा आंबट आंबा तिनं जन्मात खाल्ला नव्हता. एवढी आंबट चिंचही खाल्ली नव्हती.

तिनं उरलेला डोळा उघडला आणि सगळ्यांकडं बघितलं.

बेबीताई जमिनीकडं बघत होती. कुलदीप झाडावरूनच दुसऱ्या फांदीकडं. भगवंतराव फेट्याचं टोक मोजीत होते. पार्बताबाईंनी, ज्यांनी ती रीत आयुष्यभर सांगितली, त्यांनी तर बाजेची वीण बदलायला हवी असं म्हणून बाज तपासायला घेतली होती. आणि गफ्फारभाई छातीवर हात ठेवून, आभाळाकडं तोंड करून उभे होते, जणू वरून काही निरोप येणार होता.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. घरच्यांनी कधी ना कधी चोरून, गावानं टोपलीतून खाल्ला होता, आणि एकानंही तिला सांगितलं नव्हतं. गफ्फारभाईंच्या बायकोच्या, अफसानाच्या, लोणच्याची एवढी ख्याती कशावर होती, तेही तिला आता कळलं.

एवढं मोठं गाव आणि एवढी वर्षं. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा दोष आंबटपणावर घालता आला हे बरं झालं.

“गोड हाय,” जमुना म्हणाली.

सगळा मांडव एकदम बोलू लागला. “मंग! गोड नाई तं काय!” “म्या म्हनत नव्हतो का!” “शक्कर, भाभी! निरी शक्कर!”

“मामासाहेबाले द्या,” पार्बताबाई म्हणाल्या.

साहेबांनी आंबा चोखला. त्यांचं लिंबू हातातून पडलं. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी उपरण्यानं टिपलं.

“गोड आहे,” साहेब म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, “फारच गोड आहे.”

“मंग मामा,” पार्बताबाईंनी गोड आवाजात विचारलं, “असा भाचा तोडान का?”

साहेबांचा फोन वाजला तो नेमका तेव्हाच. ते बाजूला गेले, पण शेतात बाजूला जाऊन जाणार किती.

“हो सर. पोचलोय सर. नाही, सुरू नाही केलं… साइटवर लग्न आहे… माणसांचं नाही सर, आंब्याचं… मांडव आहे… हो, मशीन आहे, पण मधे धागा आहे… नाही सर, काटेरी तार नाही. सुताचा.” मग बराच वेळ त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. हेल्मेटवरची हळद घामानं ओघळून कानामागं आली होती. “मला नाही काढता येणार, सर. मी इथं… मी मामा आहे, सर.”

ते परत आले. “मांडव कधी निघतो?” त्यांनी विचारलं. “तेवढं सांगा. मला वर कळवायचंय.”

पार्बताबाईंनी चारी बाजूंना बघितलं. “नवरी माहेरी येऊन परतनी झाल्याशिवाय मांडव निघत नाई. अन् परतनी दोन्ही घरच्या खुशीनं होते. कोनी रुसलं असलं तं होत नाई.”

 मग बेबीताईनं कमरेवर हात ठेवले.

“मी तं रुसलीच हाय अजून,” ती म्हणाली. “फॉल लावल्याबिगर साडी देल्ली. हे काय इसरन का मी? दोन महिने तं नाईच इसरत.”

“दोन कायले,” जमुना म्हणाली, “तुहा राग मले मालूम हाय. तीन लागन.”

साहेबांनी दोघींकडं बघितलं. मग नाल्याकडं, जिथली माती महिन्याभरात मशीनला गिळायला तयार होणार होती. त्यांना कळलं हे त्यांच्या तोंडावर दिसलं. “सुनावणीला या,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “सगळे या. अलीकडचा-पलीकडचा मनोरा उंच केला तर तार झाडावरून जाऊ शकते. मी म्हटलं असं कुठं बोलू नका. पण मागा.” आणि जीपकडं जाता जाता ते थांबले. “ती खुंटी मात्र जपून ठेवा. माझ्या नावावर आहे.”

“देवक हाय, कुठी जाते!” पार्बताबाई म्हणाल्या.

धूळ नाल्याच्या वळणाआड गेली. पंगत बसली. भगवंतराव वाढायला उठले आणि कुणाच्या बाजूनं वाढायचं हे न ठरवताच वाढू लागले. धागा तसाच उन्हात हलत होता, त्यावर एक मुंगी आंब्याकडून चिंचेकडं निघाली होती.

नत्थुजी जमुनाजवळ येऊन टेकले. अख्ख्या घरात रीत जर कुणी खरोखर पाळली असेल तर ती या एका माणसानं. ते तिच्या हातातल्या अर्ध्या आंब्याकडं बघत होते, लहान मूल बघतं तसं.

“काहो,” त्यांनी हळूच विचारलं, “खरंच गोड हाय का?”

जमुनानं आंबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, चोखला. त्यांचा एक डोळा मिटला. मान आखडली. मिशी थरथरली. 

मग त्यांनी कोय पुन्हा तोंडात घातली.

“लय गोड,” नत्थुजी म्हणाले.